विमानाचे तिकीट : भाडे कोणते, अधिभार कोणता, कर कोणता?

विमानाच्या तिकिटावर छापलेली रक्कम ही एक रक्कम नसते. ती चार-पाच रकमांची बेरीज असते. त्यांतील काही पैसे विमान कंपनीकडे राहतात, काही विमानतळ चालविणाऱ्याकडे जातात, तर काही सरकारी तिजोरीत जमा होतात. एकूण किती द्यायचे एवढे कळले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु कोणती रक्कम कोणाची हे ठाऊक नसले, तर प्रसंगी हक्काचे पैसे बुडतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

विमानप्रवास हा श्रीमंतांचा विषय, असा समज असेल तर तो आमच्या खानापूर तालुक्यात तरी खरा नाही. इकडची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. पूर्वी दोन-दोन दिवस रेल्वेत काढणारी ही मंडळी आता अडीअडचणीला विमानाने येतात. तिकीट एजंट काढून देतो आणि ते असते इंग्रजीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे ते वाचण्याचे काम माझ्याकडे येते. धातू गाळताना सोने वेगळे आणि हीण वेगळे काढतात, तसे तिकीटही वेगवेगळे करून पाहावे लागते.

पहिली रक्कम मूळ भाड्याची. ती कंपनीची, यात वाद नाही. दुसरी वस्तू व सेवा कराची. साध्या वर्गाच्या भाड्यावर हा कर 5 टक्के आहे. वरच्या वर्गावर तो पूर्वी 12 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. तिसरे सुरक्षा शुल्क. एप्रिल 2021 मध्ये ते देशांतर्गत प्रवाशासाठी 200 रुपये करण्यात आले. चौथे विमानतळाच्या वापराचे विकास शुल्क. ते प्रत्येक विमानतळाला वेगळे असते आणि मोठ्या विमानतळांसाठी ते 2008 च्या कायद्यान्वये स्थापन झालेले नियामक प्राधिकरण ठरवते. याशिवाय लहान शहरांना विमानसेवा मिळावी यासाठी कंपन्यांकडून आकार घेतला जातो व तो शेवटी प्रवाशाकडूनच वसूल होतो. त्याच 'उडान' योजनेतून 27 एप्रिल 2017 रोजी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, हेही येथे सांगितले पाहिजे. सारेच जादा आकार वाया जातात असे नाही.

आता राहिला इंधन अधिभार. खरा घोटाळा येथेच आहे. तिकिटाच्या तपशिलात तो 'वायक्यू' किंवा 'वायआर' अशा अक्षरांनी दाखवतात आणि पुष्कळदा करांच्याच रांगेत बसवतात. वाचणाऱ्याला वाटते, हाही सरकारचाच कर. वास्तविक त्यातला एक पैसाही कर म्हणून सरकारकडे जात नाही. तो कंपनीने ठरवलेला आणि कंपनीनेच ठेवून घेतलेला पैसा आहे. म्हणजे भाड्याचाच एक तुकडा वेगळ्या नावाने मांडलेला! उलट, तो कंपनीचे उत्पन्न असल्यामुळे त्यावरही वस्तू व सेवा कर बसतो.

मग हा तुकडा वेगळा कशासाठी? कंपन्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. विमानाचे इंधन हे रॉकेलचेच अधिक शुद्ध भावंड आहे. आपल्याकडे कंपनीच्या एकूण खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, या इंधनावर जातो. त्याचे दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतात. शिवाय 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा हे इंधन त्याच्या बाहेर ठेवले गेले. त्यामुळे त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर असे दोन्ही बोजे राहिले. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड येथील हा मूल्यवर्धित कर 25 टक्क्यांवरून 18 टक्के केला. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरपासून इंडिगो कंपनीने अंतराप्रमाणे 300 ते 1,000 रुपये इंधन आकार लावला आणि दर उतरल्यावर 4 जानेवारी 2024 पासून तो काढून घेतला. अधिभार चढतो तसा उतरूही शकतो, याचे हे उदाहरण.

परंतु दुसरी बाजूही आहे. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या दोन कंपन्यांनी ऑगस्ट 2004 ते जानेवारी 2006 या काळात आपापसांत संगनमत करून अधिभार ठरवला होता. लांब पल्ल्याच्या परतीच्या तिकिटामागे 5 पौंड असलेला अधिभार या काळात 60 पौंडांवर गेला. व्हर्जिनने स्वतःच माहिती दिल्यामुळे तिला माफी मिळाली. ब्रिटिश एअरवेजला 2012 मध्ये 5 कोटी 85 लाख पौंड दंड कायम झाला. आपल्याकडेही मालवाहतुकीवरील इंधन अधिभाराबाबत स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये तीन विमान कंपन्यांना एकूण सुमारे 54 कोटी रुपयांचा दंड सुनावला. सरकारी करावर असे संगनमत होऊ शकत नाही, किमतीवरच होते.

या फरकाची खरी किंमत तिकीट रद्द करताना कळते. 1 ऑगस्ट 2016 पासून लागू झालेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे, रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांहून जास्त घेता येत नाही. भाडे परत न मिळणारे सवलतीचे तिकीट असले, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के प्रवाशाला परत द्यावीच लागतात. प्रवासी विमानाला गेलाच नाही तरीही. समजा, भाडे 3,000, अधिभार 400, विकास शुल्क 300 आणि सुरक्षा शुल्क 200 रुपये आहे. पहिल्या दोन रकमा कंपनी बुडवू शकेल; पण नुसती शेवटची दोन शुल्के धरली तरी 500 रुपये आपले.

माझे मामा कोइमतूरला गलाईच्या दुकानात कामाला आहेत. आजीच्या आजारपणासाठी काढलेले त्यांचे तिकीट रद्द करावे लागले, तेव्हा एजंटाने "सगळे पैसे गेले" असे सांगितले. मी फोनवर म्हटले, "मामा, भाडं गेलं असेल, पण टॅक्स त्यांचा नाही. लेखी मागा." मामा म्हणाले, "अगं, आपल्यासारख्याला कोण देतंय?" तरी त्यांनी लेखी मागितले आणि शुल्कांचे पैसे महिन्याभरात आले. रक्कम मोठी नव्हती. पण त्यांची ती एका दिवसाची मजुरी होती.

हातावर पोट असणारी किती माणसे अशी मागणी न करताच गप्प बसत असतील! 'कर' हा शब्द ऐकला की आपण मान तुकवतो, प्रश्न विचारत नाही. अधिभाराला कराच्या रांगेत बसवण्याचा फायदा नेमका हाच. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, घरच्या कोणाचे तिकीट हाती आले तर खालची बेरीज पाहून थांबू नका. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा : हे पैसे कोणाकडे जातात? अर्थशास्त्राच्या तासाला किंमत आणि कर यांतला भेद आपण परीक्षेपुरता पाठ करतो. तो घरच्यांच्या कामी आला, तर त्या तासाचे चीज झाले असे मी म्हणेन.