खुराड्याला प्लॅस्टिक गुंडाळू नका

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या, की परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना एकच सल्ला मिळतो: खुराडं चारी बाजूंनी बंद करा, फट म्हणून ठेवू नका, नाहीतर कोंबड्या गारठून मरतील. सल्ला आपुलकीचा, पण घातक. पूर्ण वाढलेल्या कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि पिसं फुलवून ती अंगालगत उबदार हवेचा थर धरून ठेवते. पोट भरलेली, कोरडी कोंबडी आपल्याकडची थंडी सहज काढते. तिला नडतो तो ओलावा. कोंबडीला घाम येत नाही. पाणी श्वासावाटे आणि विष्ठेवाटे बाहेर पडतं. बंद खुराड्यात ही वाफ रात्रभर पत्र्याला लागून खाली ठिबकते, तूस भिजतं आणि त्यातले जिवाणू विष्ठेतल्या युरिक आम्लापासून अमोनिया तयार करतात. कुक्कुटपालनाच्या पाठ्यपुस्तकांत त्याची मर्यादा साधारण २५ पीपीएम दिलेली असते. त्यापुढे श्वासनलिकेचं अस्तर बिघडू लागतं. मग घरघर सुरू होते, डोळ्यांतून पाणी गळतं, आणि मालक म्हणतो, थंडी बाधली, अजून एक पोतं लावा!

मग हिवाळ्यात कोंबड्या पटापट मरतात त्या कशाने, असं विचारलं जातं. दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होत असेल, तर पहिला संशय मानमोडी या साथीच्या रोगावर घ्यावा. लस दिलेली नसेल तर पोती काय कामाची? फट ठेवली तर वारा लागतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. अंगावर येणारा झोत वाईटच. म्हणून वाऱ्याची बाजू दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वरपर्यंत बारदानाने झाका, पण छताखालची वीतभर जाळी उघडीच ठेवा. दमट हवा तिथूनच निघून जाते. अमेरिकेत डॉ. प्रिन्स वुड्स यांनी १९२४ साली मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी. खात्री हवी असेल तर पहाटे दार उघडताच कोंबडीच्या उंचीला वाका. डोळे चुरचुरले तर हवा कोंडली आहे. मूठभर तूस दाबून बघा. गोळा टिकला तर ते बदला. पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पिसं नसतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी.

हिवाळ्यात अंडी घटतात ती मुख्यतः उजेड कमी झाल्यामुळे: डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, आणि भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे लावलेला छोटा दिवा त्यासाठी पुरतो. उबेसाठी संध्याकाळी मूठभर मका द्या. थंडीत पाणी कमी लागतं म्हणून भांडं रिकामं ठेवू नका. आणि कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर त्या ओढ्यात न फेकता लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.