सूर्याची मिरवणूक आणि ऑक्सिजनचे यंत्र

१८ मार्च २०२३ रोजी प्युर्टो रिकोमधील अदहुंतास या डोंगरी गावात ढोलांच्या तालावर एक मिरवणूक निघाली. तिचे नाव ‘मार्चा देल सोल’, म्हणजे सूर्याची मिरवणूक. निमित्त कुठल्या देवाचे नव्हते की निवडणुकीचेही नव्हते. गावच्या चौकातील दुकानांच्या छतांवर बसवलेल्या सुमारे ७०० सौर पॅनेलचा तो उत्सव होता. सौर प्रकल्पाच्या उद्घाटनाला फीत कापणारा मंत्री असतो, हे आपण नेहमी पाहतो. इथे गाव स्वतःच वाजतगाजत आले होते. या गाण्या-नाचामागे जो अनुभव आहे, तो आरोग्याशी निगडित आहे आणि म्हणून समजून घेण्यासारखा आहे.

वादळापेक्षा अंधार जीवघेणा

प्युर्टो रिको हे कॅरिबियन समुद्रातील बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. पण तेथील भाषा स्पॅनिश आणि संस्कृती लॅटिनो. मूळचे तायनो आदिवासी, स्पॅनिश वसाहतकार आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी अशा तीन प्रवाहांतून ती घडली. २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ चक्रीवादळ या बेटावर आदळले आणि सगळे बेट अंधारात गेले. शेवटच्या घरांपर्यंत वीज परत यायला जवळपास ११ महिने लागले.

सुरुवातीला सरकारी आकडा ६४ मृत्यूंचा होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळातील अतिरिक्त मृत्यू मोजले. तो अंदाज २,९७५ निघाला आणि सरकारने तो स्वीकारला. हार्वर्डच्या संशोधकांनी ३,२९९ घरांमध्ये जाऊन सर्वेक्षण केले. वादळापासून २०१७ अखेरपर्यंत ही घरे सरासरी ८४ दिवस विजेविना होती. सर्वेक्षणात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू वैद्यकीय उपचारांना उशीर झाल्याने किंवा ते खंडित झाल्याने झाले होते. १४ टक्क्यांहून अधिक घरांना औषधे मिळवताना अडचण आली. श्वसनाच्या यंत्रांना वीज नाही, ही अडचण जवळपास १० टक्के घरांनी सांगितली.

याचा अर्थ सरळ आहे. भिंत कोसळून किंवा पुरात वाहून जेवढी माणसे गेली, त्यांच्याहून कितीतरी जास्त माणसे वादळ शांत झाल्यावर गेली. फ्रीज बंद पडला की इन्शुलिन खराब होते. डायलिसिसला वीज लागते आणि शुद्ध पाणीही लागते. पाण्याचे पंप पुन्हा विजेवरच. दम्याच्या मुलाचा नेब्युलायझर, झोपेत श्वास अडकणाऱ्याचे सीपॅप यंत्र, फुप्फुसे थकलेल्या आजोबांचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे सगळे भिंतीवरच्या एका प्लगवर अवलंबून असते. अशा घरांत वीज हा औषधाचाच भाग असतो.

गुलाबी घराचा उजेड

त्या अंधारात अदहुंतासमधील एका जुन्या गुलाबी घरात मात्र दिवे चालू होते. ‘कासा प्वेब्लो’, म्हणजे लोकांचे घर, हे त्याचे नाव. या संस्थेने १९९९ पासूनच सौरऊर्जेचा वापर सुरू केला होता आणि तिची पॅनेल वादळातून वाचली. लोक फोन चार्ज करायला आले, नेब्युलायझर घेऊन आले, वाफ घेऊन घरी परतले. संस्थेने पुढे सुमारे १४,००० सौर कंदील वाटले. घरीच डायलिसिस करणाऱ्या रुग्णांच्या घरांवर आधी पॅनेल बसवली. मग वृद्धाश्रम, अग्निशमन केंद्र, किराणा दुकाने आणि केशकर्तनालयही सौरऊर्जेवर आले.

पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये ‘फिओना’ वादळाने पुन्हा सगळे बेट अंधारात लोटले. या वेळी अदहुंतासच्या अग्निशमन केंद्राला वीज होती आणि मदतीसाठी येणारे निरोप तिथे पोहोचत होते. त्यानंतर सहा महिन्यांनी सूर्याची मिरवणूक निघाली.

आधी गाणे, मग वीज

पण संकटात लोक नेमके त्याच दारात का आले? त्याचे उत्तर १९८० मध्ये सापडते. त्या वेळी सरकारचा बेत अदहुंतास परिसरात तांबे, सोने आणि चांदीच्या उघड्या खाणी खणण्याचा होता. स्थापत्य अभियंता अलेक्सिस मासोल गोन्सालेस आणि त्यांच्या शिक्षिका पत्नी तिंती देया यांनी काही सहकाऱ्यांना घेऊन विरोध सुरू केला. पहिल्या सभेला चौकात फक्त एक माणूस आला, असे मासोल सांगत. खाणीतील रसायनांची आणि प्रदूषणाची माहिती योग्य होती, पण ऐकायला कोणी नव्हते. मग त्यांनी कार्यक्रमाची रीत बदलली. त्याच चौकात लोकसंगीत आणि लोकनृत्य ठेवले. गाणे ऐकायला गाव आले आणि गाण्यांच्या मध्ये नद्यांचे, जंगलाचे, खाणींचे बोलणे झाले.

प्युर्टो रिकोच्या संगीताला हे काम नवे नाही. ‘प्लेना’ हा प्रकार अदहुंतासच्या दक्षिणेला असलेल्या पोन्से शहराच्या परिसरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजला. हातात धरायच्या, डफासारख्या लहान-मोठ्या वाद्यांवर तो गातात आणि गावातल्या ताज्या घटना त्यात गुंफतात. म्हणूनच त्याला ‘गायलेले वर्तमानपत्र’ म्हणतात. आफ्रिकी वारशाच्या ‘बोम्बा’मध्ये नाचणारा माणूस पावले टाकतो आणि ढोलकऱ्याला त्याच्या मागे जावे लागते. डोंगरातल्या शेतकऱ्यांचे, म्हणजे ‘हिबारो’ लोकांचे गाणे ‘क्वात्रो’ नावाच्या तंतुवाद्यावर चालते. आपल्याकडे पोवाडा आणि लोकनाट्याने जनजागृतीचे जे काम केले, त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे.

खाणीविरुद्धचा लढा पंधरा वर्षे चालला. १९९५ मध्ये सरकारने खाणींचा नाद सोडला आणि पुढच्याच वर्षी ती जमीन लोकांनी सांभाळायचे जंगल झाली. २००२ मध्ये मासोल यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. संस्थेचा खर्च १९८९ पासून स्वतःच्या ‘माद्रे इस्ला’ कॉफीच्या विक्रीतून बराचसा भागतो. त्या घरात मुलांची संगीतशाळा चालते, सौरऊर्जेवर चालणारे चित्रपटगृह आहे, रेडिओ केंद्रही सौरऊर्जेवरच. विज्ञान, संस्कृती आणि लोकसमूह हे तीन शब्द संस्था एका दमात उच्चारते. तेव्हा २०१७ मध्ये लोकांना नवा पत्ता शोधावा लागला नाही. सिनेमा पाहायला ज्या दारातून आत गेलो, त्याच दारातून नेब्युलायझर घेऊन जायचे होते. आपत्तीच्या काळात कुठे जायचे आणि कोणावर विसंबायचे हे आधीच ठाऊक असणे, याला आरोग्याच्या दृष्टीने मोठे मोल आहे.

चौकातील वीज चालते कशी?

इथे एक तांत्रिक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. छतावर पॅनेल आहेत म्हणजे वादळातही वीज राहील, असा अनेकांचा समज असतो. वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेली साधी सौर यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होते, मग ऊन कितीही कडक असो. हा दोष नाही. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी केलेली ती सोय आहे. संकटातही वीज हवी असेल तर दोन गोष्टी लागतात : बॅटरी, आणि जाळ्यापासून सुटे होऊन स्वतंत्रपणे चालू शकणारा इन्व्हर्टर.

अशा अनेक इमारती एकमेकींना जोडल्या की ‘मायक्रोग्रिड’, म्हणजे विजेचे छोटे स्वतंत्र जाळे तयार होते. अदहुंतासच्या चौकात सात इमारतींच्या छतांवर पॅनेल आहेत, सुमारे १,००० युनिट साठवणाऱ्या बॅटऱ्या आहेत आणि १४ व्यवसाय त्यांना जोडलेले आहेत. त्यांत औषधांचे दुकान, बेकरी, खाणावळ अशी अडचणीत लागणारी ठिकाणे आहेत. गिर्यारोहक अ‍ॅलेक्स हॉनल्ड यांच्या प्रतिष्ठानाने या कामाला पैसा पुरवला; पण यंत्रणा चालवते ती गावातील व्यापाऱ्यांची ना-नफा संस्था. वीजबिलात वाचलेल्या पैशातून देखभाल आणि गावाची इतर कामे व्हावीत, अशी रचना आहे.

यातून सगळ्या बेटाचा प्रश्न सुटलेला नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आणि पुन्हा १६ एप्रिल २०२५ रोजी जवळपास सगळे प्युर्टो रिको अंधारात गेले. मोठी वीजकेंद्रे दक्षिणेला, विजेची सर्वाधिक गरज उत्तरेला आणि मधल्या डोंगरांवरून जाणाऱ्या जुन्या तारा, अशी तिथली व्यवस्था अजून तशीच आहे. एक लाखाहून अधिक घरांवर पॅनेल आली आहेत, पण ज्यांना परवडतात त्यांच्याच घरांवर आधी येतात. डायलिसिसच्या रुग्णाला आणि वृद्धाश्रमाला आधी वीज देण्याचा अदहुंतासचा क्रम त्यासाठी महत्त्वाचा वाटतो.

आपल्या घरी काय पाहावे?

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ वादळानंतर कोकणातील अनेक गावांनी कित्येक आठवडे विजेविना काढले. आता ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून आपल्याकडेही छतांवर पॅनेल येत आहेत. त्यांपैकी बहुतेक यंत्रणांना बॅटरी नसते. घरात विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय यंत्राची गरज असलेला रुग्ण असेल, तर ‘बाहेरची वीज गेल्यावर ही यंत्रणा चालेल का?’ हा प्रश्न बसवणाऱ्याला आधीच विचारावा.

हिशेबही करून ठेवावा. घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३५० वॅट लागतात, म्हणजे दिवसभरात आठ युनिटच्या आसपास. नेहमीच्या घरगुती इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, हाती येतात त्याहून कमी. त्यावर हे यंत्र चार तास चालले तरी पुष्कळ. म्हणून अशा रुग्णासाठी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर जवळ हवा. इन्शुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. वापरात असलेली बहुतेक इन्शुलिने ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे टिकतात. आपल्या इन्शुलिनची मुदत डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावी. बर्फाला थेट टेकवून ते गोठवू नये.

आणखी एक काम पैशाविना होण्यासारखे आहे. वाडीत, सोसायटीत कोणाकडे असे यंत्र आहे आणि बॅटरीसह सौर वीज कोणत्या इमारतीत आहे, याची यादी करायची आणि ती सगळ्यांना ठाऊक करून द्यायची. शाळा, आरोग्य उपकेंद्र, समाजमंदिर यांपैकी एखादी जागा त्यासाठी ठरवता येईल. सांगायला सभा बोलावली तर एकच माणूस येईल, ही शक्यता आहेच. गणपतीच्या किंवा जत्रेच्या मांडवात सांगितले तर ऐकायला सगळा गाव असेल.