गर्भपोषणाचा जमाखर्च

नवजात बालकाचे वजन अडीच किलोच्या वर भरले की घरच्या मंडळींपासून सरकारी डॉक्टरांपर्यंत सर्वांनी निश्चिंत व्हावे, असा आपल्याकडचा प्रघात आहे. आणि जेथे त्याहून हलकी मुले लक्षावधींनी जन्मास येतात, तेथे तो अकारण आहे असेही म्हणता येत नाही. परंतु गर्भाच्या पोषणाविषयी हा एकच आकडा पुरेशी साक्ष देतो काय, या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी ज्या चिकाटीने केला, तिला आपल्या वैद्यकीय संशोधनात तोड क्वचितच सापडेल.

प्रश्नाचे बीज विलायतेत पडले होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविकांनी खातेवह्यांत टिपून ठेवलेली बालकांची वजने साउदम्प्टनच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती आली, आणि जन्मतः व वर्षअखेरीस हलक्या भरलेल्या मुलांना प्रौढपणी हृदयविकाराने मृत्यू येण्याचा संभव अधिक असतो, असे त्यांनी १९८९ साली त्या दफ्तरांच्या आधारे मांडले. आपल्या खेड्यांत असले दफ्तर कोठून मिळणार? तेव्हा ते नव्याने लिहिणे, आणि पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवणे, एवढाच मार्ग होता.

१९९३ मध्ये पुण्याच्या परिसरातील सहा खेड्यांत या कामास आरंभ झाला. गर्भधारणा झाल्यावर दवाखान्यात येईल ती स्त्री नोंदवायची, हा सोपा मार्ग येथे पत्करलेला नाही. गावोगावच्या दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांकडे क्षेत्रसेविका महिन्याच्या महिन्याला जात आणि पाळीची तारीख विचारून लिहून घेत. सासू ओसरीवर बसली असताना सुनेला ही तारीख विचारणे किती नाजूक काम, हे खेड्यात राहिलेल्यास सांगावयास नको. या नोंदीमुळे गर्भाचे वय नेमके कळले आणि ७९७ गर्भवतींचा आहार, श्रम व रक्त यांचा तपशील हाती आला.

या माता सरासरी ४२ किलोंच्या आतबाहेर वजनाच्या होत्या, आणि त्यांची मुले सुमारे २.७ किलोंची. साउदम्प्टनच्या मुलांचे सरासरी वजन ३.५ किलो. येथवर नवल नाही. परंतु जन्मानंतर लवकरच बालकाचा दंड, पोट, डोके यांचा घेर मोजून, खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्यात धरून तिची जाडी घेतली, तेव्हा चित्र पालटले: स्नायू आणि पोटातील इंद्रिये यांत पुण्याचे बाळ पुष्कळच उणे भरत होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्याने त्या मानाने राखून ठेवली होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून ‘हडकुळे पण चरबीयुक्त’ अशा भारतीय बालकाची कल्पना जगभर गेली. पुढल्याच वर्षी डॉ. याज्ञिक यांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे छायाचित्र छापून गमतीने हाच मुद्दा मांडला, उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, परंतु युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के!

आहाराचा निष्कर्ष मला त्याहूनही विचारार्ह वाटतो. आईच्या पोटात उष्मांक किती गेले, प्रथिने किती गेली, यांचा बाळाच्या आकाराशी विशेष संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. ज्या स्त्रियांच्या वाट्यास शेतातले, पाणी भरण्याचे कष्ट अधिक आले, त्यांची मुले लहान भरली, हेही याच पाहणीने दाखविले. डोहाळजेवणाच्या दिवशी पाटाभोवती महिरप मांडून पंचपक्वान्ने वाढणारे आपण, एरवी तिच्या ताटात मेथीची जुडी किती वेळा पडते याचा हिशेब ठेवीत नाही.

यातील सर्वांत अवघड प्रकरण ब-१२ या जीवनसत्त्वाचे. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी होते. फोलेटचा अभाव मात्र जवळजवळ नव्हताच. हीच मुले सहा वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आयांमध्ये ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्यात इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली, असा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्यावरून फोलिक आम्लाच्या गोळ्या फेकून देण्याचा उतावळेपणा कोणी करू नये. बालकाच्या मज्जारज्जूतील व्यंगे टाळण्यास त्या अत्यंत उपकारक आहेत, हे निर्विवाद आहे. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरली, असेही होत नाही. बोध इतकाच घ्यावा की, ब-१२ हे वनस्पतीत नसून दूध, अंडी व सामिष अन्नातच मिळते, तेव्हा शाकाहारी घरातील गर्भवतीच्या बाबतीत डॉक्टरांशी या जीवनसत्त्वाविषयीही बोलणे अगत्याचे आहे.

कारण ठरवावयाचे तर प्रयोगच हवा. तो २०१२ पासून सुरू झाला: जन्मतः ज्यांचे दंड मोजले होते त्याच मुलांना, आता पौगंडावस्थेत, गर्भधारणेच्या कितीतरी आधीपासून ब-१२ देण्यात आले, आणि या प्रयोगात केवळ मुलींना नव्हे, तर मुलग्यांनाही घेण्यात आले.