मनोरे पाडायचे की ठेवायचे?

सिअ‍ॅटल शहराच्या मधोमध लेक युनियन हे सरोवर आहे. त्याच्या उत्तर काठावर १९०६ ते १९५६ अशी पन्नास वर्षे शहराला गॅस पुरवणारा कारखाना चालला. आधी कोळशापासून, पुढे खनिज तेलापासून हा गॅस काढीत. नळांतून नैसर्गिक वायू आला, तशी त्याची गरज संपली. मागे उरले गंजके मनोरे आणि डांबर, बेन्झीन मुरलेली वीसेक एकर जमीन.

१९६२ मध्ये शहराने ती जमीन घ्यायला सुरुवात केली. त्यामागे मोठा जोर मर्टल एडवर्ड्स या नगरसेविकेचा होता. १९६९ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले आणि होणाऱ्या उद्यानाला त्यांचे नाव द्यायचे ठरले. आराखड्याचे काम मात्र रिचर्ड हाग यांच्याकडे गेले. भंगार हलवून हिरवळ करावी, ही लोकांची साधी अपेक्षा. हाग यांनी कारखान्याच्या आवारातच कार्यालय थाटले आणि मनोरे राहू द्या, असे ते नागरिकांना पटवू लागले. एडवर्ड्स कुटुंबाला हे मानवले नाही. त्यांनी नाव काढून घेतले. ते पुढे समुद्रकाठच्या दुसऱ्या एका उद्यानाला मिळाले. कुटुंबाचा राग मला हट्टाचा वाटत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे तो धूर सोसला, त्यांना त्या लोखंडात सौंदर्य का दिसावे? गिरणगावातल्या चिमण्यांबद्दलही गिरणी कामगाराचे आणि छायाचित्रकाराचे मत एक असेलच असे नाही.

हाग यांचे दुसरे धाडस मातीचे. सगळी माती उचलून दुसरीकडे टाकण्याऐवजी त्यांनी ती नांगरून तिच्यात सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळला, म्हणजे मातीतले सूक्ष्मजीव तेलकट विष पचवतील. आपल्याकडचा शेतकरी शेणखत घालतो, तसेच काहीसे. मोडतोडीचा ढीग रचून, वर चांगली माती घालून टेकडी केली.

१९७५ मध्ये उद्यान खुले झाले. टेकडीवर लोक पतंग उडवतात. माथ्यावरच्या सूर्यघड्याळात आपण उभे राहायचे, आपलीच सावली वेळ दाखवते. बॉयलरच्या इमारतीत सहलीची बाके आणि शेगड्या आहेत. कॉम्प्रेसरच्या इमारतीतली यंत्रे भडक रंगवली, आता त्यांच्यामध्ये मुले खेळतात. चार जुलैची आतषबाजी पाहायला माणसांची रीघ लागते. जूनमध्ये फ्रीमाँट वस्तीतून निघणारे, अंगभर नुसता रंग फासलेले सायकलस्वारही इथेच येऊन थांबतात. त्यांना कोणी हटकत नाही.

पण विष पुरते गेले नाही. १९८४ मध्ये तपासणीसाठी उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले. नंतर मातीचे नवे थर घातले गेले. पाण्यात उतरायला आजही बंदी आहे. सरोवराच्या तळाशी साचलेला गाळ काढण्याचा प्रश्न शहर आणि जुन्या गॅस कंपनीची वारस कंपनी यांच्यापुढे अनेक वर्षे आहे. मनोऱ्यांभोवती कुंपण आहे. ते ओलांडून वर चढलेल्या तरुणांचे पडून मृत्यू झाले आहेत, आणि दर वेळी जुना वाद नव्याने उठतो. २०१३ पासून ही वास्तू अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत आहे, त्यामुळे तिची एक शिडी काढायची तरी आता वारसा आणि सुरक्षा यांचा हिशेब मांडावा लागतो.