नावेच्या कण्यास धातूची पट्टी

पुण्यास मुळा-मुठेच्या संगमाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आहे. तेथील ‘रेगाटा’ या नौकोत्सवाची परंपरा १९२८ सालापर्यंत मागें जाते. हा उत्सव पाहणाऱ्यांची दृष्टि वल्ह्यांच्या तालावर खिळलेली असते. नावेच्या पोटाखालीं पाहण्याचा प्रसंग आपणांपैकीं फारच थोड्यांस येतो. परंतु लांकडी नाव किती वर्षें चालावयाची, हें पुष्कळसें तेथेंच ठरतें.

नावेच्या तळाशीं मध्यभागीं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जें लांब लांकूड असतें, तो तिचा कणा. नदीकांठचा खडक प्रथम यालाच लागतो. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं होड्या वाळूवरून वर ओढून घेतात, तेव्हां घांसला जातो तोहि हाच. घर्षणानें लांकडाचे तंतु एकदां उघडे पडले, कीं पाणी आंत शिरतें आणि कूज सुरू होते. म्हणून कण्याच्या खालच्या अंगास धातूची पट्टी बसवितात. पट्टी झिजली तर ती काढून दुसरी लावतां येते. कणा बदलणें म्हणजे मात्र नाव जवळजवळ नव्यानें बांधणें होय.

हें काम केवळ सुताराचें आहे, असें कोणास वाटेल. त्यांत रसायनशास्त्राचाहि संबंध कसा येतो, तें एका जुन्या उदाहरणावरून दिसेल. समुद्रांतील किडा जहाजांचीं लांकडें पोखरून टाकी. त्यावर उपाय म्हणून १७६१ सालीं ब्रिटिश आरमारानें ‘अलार्म’ या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे जडविले. १७६३ सालीं तपासणी झाली, तेव्हां लांकूड सुरक्षित होतें. पण पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणीं खाऊन गेले होते. जेथें पत्र्याच्या वेष्टनाचा कागद खिळा व तांबें यांमध्यें राहून गेला होता, तेथील खिळे मात्र शाबूत निघाले! कारण असें, कीं दोन भिन्न धातु एकमेकांस चिकटून खाऱ्या पाण्यांत राहिले, म्हणजे त्यांची एक विजेची घटमालाच तयार होते. तींत एक धातु वांचतो व दुसरा झिजून जातो.

या गोष्टीचा बोध असा, कीं पट्टी ज्या धातूची, तिचे स्क्रूहि शक्य तों त्याच धातूचे असावेत. नदीच्या गोड्या पाण्यांत पितळेची अर्धगोल पट्टी चांगली चालते. समुद्रांत मात्र पितळेंतील जस्त हळूहळू निघून जातें, उरलेला धातु तांबूस व ठिसूळ होतो. म्हणून तेथें कांसें अधिक विश्वासाचें. न गंजणारें म्हणविणारें पोलादहि, हवा न पोंचणाऱ्या ओल्या लांकडांत रुतून राहिलें, तर गंजल्यावांचून राहत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. नाव पालथी घालून लांकूड पूर्ण वाळूं द्यावें. कुजका भाग असल्यास तो आधीं काढून टाकावा. कुजीवर पट्टी मारणें म्हणजे जखम न धुतां ती बांधण्यासारखें आहे. पट्टीस छिद्रें पाडून स्क्रूचीं डोकीं बसतील अशा खळग्या कराव्यात, म्हणजे तीं वर राहून कशांत अडकणार नाहींत. रुंद पट्टीचीं छिद्रें एका रेषेंत न घेतां आळीपाळीनें डावीं-उजवीं घ्यावींत, नाहींतर लांकूड उभें चिरतें. पितळेची पट्टी पुढच्या वळणावर वांकवितांना मोडूं नये म्हणून ती तापवून मऊ करावी. लांकडांतील छिद्रें गिरमिटानें आधीं पाडून घ्यावींत. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पट्टीखालीं व प्रत्येक छिद्रांत लुकण भरावें. पूर्वीं त्यासाठीं शेंदूर व जवसाचें तेल वापरीत, आज रबरासारखीं लुकणें मिळतात. हें न केल्यास प्रत्येक स्क्रू म्हणजे कण्यांत पाणी नेणारी एक नळीच होऊन बसते, आणि रक्षणासाठीं लावलेली पट्टीच आंतली कूज झांकून ठेवते.

यासाठीं वर्षांतून एकदां दोन-तीन स्क्रू काढून पाहावेत. स्क्रू बारीक झालेला, तांबूस पडलेला किंवा सहज फिरणारा आढळला, तर पट्टी उचलून आंतील लांकूड तपासावें. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मुंबईच्या गोदींत बांधलेली सागवानी ‘त्रिंकोमाली’ १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती इंग्लंडांतील हार्टलपूल येथें आजहि तरंगते आहे. उत्तम लांकूड दोन शतकें टिकूं शकतें. मात्र त्यास पाण्यापासून व चुकीच्या धातूपासून जपणारा मनुष्य पाहिजे.