औंधच्या डोंगरावरचे यूरोप

आपल्या वर्गाची सहल औंधला न्यायची ठरली, तेव्हा वाद झाला. यमाईच्या दर्शनाला कोणाचीच ना नव्हती. पण डोंगराच्या वाटेवर राजेसाहेबांचे संग्रहालय आहे, तेही पाहू, असे मी म्हणालो. तिथे यूरोपातल्या चित्रांच्या नकला आहेत, हे ऐकताच एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, नकला बघायला कशापायी थांबायचं? खरं बघायचं तर तिकडं जावं. न्हाईतर नारळ फोडून माघारी यावं."

बोलणे अगदीच खोटे नव्हते. म्हणून आधी तिकडे काय आहे ते सांगतो.

यूरोपात पॅरिस, लंडन, फ्लॉरेन्स अशी मोठी शहरे आहेत. जगभरची माणसे पैसा खर्चून तिथे जातात, ती चित्रे आणि पुतळे पाहायला. पॅरिसचे लुव्र हा पूर्वीचा राजवाडा. राज्यक्रांती झाली आणि १७९३ साली तो सर्व लोकांना खुला झाला. तिथले मोनालिसा नावाच्या बाईचे चित्र १९११ साली चोरीला गेले. तेव्हा भिंतीवरची मोकळी जागा पाहायलासुद्धा लोकांची रीघ लागली! दोन वर्षांनी चित्र सापडले.

फ्लॉरेन्स हे इटली देशातले शहर. तिथे संगमरवराचा एक मोठा दगड होता. आधीच्या कारागिरांनी तो अर्धवट कोरून सोडून दिला होता. कित्येक वर्षे तो पावसापाण्यात पडून राहिला. १५०१ साली मायकेलअँजेलो नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने त्याला हात घातला. तीन वर्षांत त्याने त्यातून डेव्हिडचा पुतळा काढला. उंची सुमारे सतरा फूट. डेव्हिड हा मेंढरे राखणारा पोरगा. त्याने गोफणीच्या एका धोंड्याने राक्षसासारख्या योद्ध्याला लोळवले, अशी त्यांच्या धर्मग्रंथातली कथा आहे. पुतळ्याच्या खांद्यावर गोफण आहे. आपण जोंधळ्याच्या रानात पाखरे हाकतो, तीच गोफण!

हा पुतळा चौकात उघड्यावर उभा होता. ऊनपावसाने झिजू नये म्हणून १८७३ साली तो आत नेला. चौकात आज उभी आहे ती नक्कल. म्हणजे खुद्द फ्लॉरेन्सलाही नकलेची गरज पडली.

लंडनची गोष्ट तर याहून पुढची. तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात याच डेव्हिडची प्लॅस्टरची नक्कल आहे, तेवढीच उंच. आपल्याकडे साच्यातून गणपती काढतात ना, तशीच ती साच्यातून काढलेली. इटलीला जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी लंडनमध्येच पुतळा पाहावा, हा हेतू. हे संग्रहालय १८५७ साली उघडले, तेव्हा संध्याकाळी गॅसचे दिवे लावीत. दिवसभर राबणाऱ्या मजुरांना दुसरी सवड कुठली? मला तर यूरोपच्या सगळ्या थाटामाटापेक्षा ते दिवे मोलाचे वाटतात.

याच संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये उसनवारीने साताऱ्यास आली. ती पाहायला मोठी गर्दी झाली. महाराजांनी प्रतापगडावर वापरली ती हीच का, हे मात्र त्या संग्रहालयालाही ठामपणे सांगता येत नाही. तेव्हा खरे आणि नक्कल हा हिशेब वाटतो तितका सोपा नाही.

आता औंध. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे तिथले राजे. सूर्यनमस्कारांचा त्यांनी मोठा प्रसार केला. ते स्वतः चित्रे काढीत, कीर्तनही करीत. संस्थान लहान आणि मुलूख दुष्काळी. तरी १९३८ साली त्यांनी डोंगरावर संग्रहालय उभे केले. रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे तिथे आहेत. यूरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही आहेत. कऱ्हाडाहून पुसेसावळीमार्गे तिथे जाता येते. गेलात तर सगळे पाहण्याची घाई करू नका. चारच चित्रांपुढे थांबा, पण नीट थांबा.

आजोबा आमच्याबरोबर आलेच. त्यांना मी मुद्दाम एका दगडी शिल्पापाशी नेले. आई आणि मूल. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे अस्सल काम. त्याची शिल्पे यूरोपच्या मोठमोठ्या शहरांत मानाने ठेवली आहेत. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत कामाला होता.

"मग पोराला शिकवलं कुणी?" आजोबांनी विचारले.

मी सांगितले, "मूर पहिल्या महायुद्धात शिपाई होता. १९१७ साली विषारी वायूने जखमी झाला. लढाईवरून परतलेल्यांना सरकार शिक्षणाला मदत देत होते. त्या पैशावर तो कलाशाळेत शिकला."

"म्हंजे मिल्ट्रीतला की!" आजोबा म्हणाले. आम्ही दारापाशी आलो होतो. ते एकटेच मागे फिरले आणि ते शिल्प पुन्हा एकदा पाहून आले.