नदीवेदिकांवरील चिकण वनमृदा : वैशिष्ट्ये आणि वर्गीकरण

प्रस्तावना

भूगोल, वनस्पतिशास्त्र, कृषिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या चारही विषयांच्या अध्यापनात मृदेचा विचार अपरिहार्य ठरतो. तथापि पदवी स्तरावर मृदांची ओळख बहुधा रंग आणि पोत या दोन निकषांवरच करून दिली जाते. 'काळी', 'तांबडी', 'रेताड', 'चिकण' ही विशेषणे उपयुक्त असली, तरी त्यांतून मृदेच्या दृश्य स्वरूपाचेच ज्ञान होते. मृदा कशी घडली, तिच्यात पाणी किती काळ साचते आणि तिच्यावर कोणते वन टिकेल, या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळत नाहीत.

प्रस्तुत लेखात नदीवेदिकांवरील चिकण वनमृदेचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे केला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आग्नेय किनारी मैदानावर, विशेषतः उत्तर व दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया या राज्यांत आढळणारी 'वाही' ही मृदामालिका हे ते उदाहरण होय. ज्या वर्गीकरण पद्धतीत तिची नोंद झाली आहे, तीच पद्धती भारतातील मृदा सर्वेक्षणातही वापरली जाते. त्यामुळे या उदाहरणाचे महत्त्व त्या प्रदेशापुरते मर्यादित राहत नाही.

नदीवेदिका आणि चिकणमातीचे संचयन

नदी आपल्या जुन्या पूरमैदानात खोलवर कापत गेली, की त्या मैदानाचा उरलेला भाग पायरीसारखा उंचावर राहतो. या पायरीस नदीवेदिका म्हणतात. आग्नेय अमेरिकेतील ग्रेट पी डी, सँटी, केप फिअर, रोअनोक यांसारख्या नद्या ॲपलाचियन पर्वत व त्याच्या पायथ्याचे पीडमाँट पठार यांच्या परिसरातून उगम पावून अटलांटिक महासागराकडे वाहतात. प्लाइस्टोसीन काळात समुद्रसपाटीत वारंवार बदल झाले. नद्यांनी कधी गाळ साचवला, तर कधी तोच गाळ कापून काढला. त्यातून किनारी मैदानावर वेदिकांची मालिका निर्माण झाली.

पुराचे पाणी पात्राबाहेर पसरते, तेव्हा वाळूचे जड कण पात्रालगत स्थिरावतात. चिकणमातीचे सूक्ष्म कण मात्र पात्रापासून दूर, संथ पाण्यात सावकाश तळाशी बसतात. म्हणून वेदिकेच्या सपाट व किंचित सखल भागांत चिकण थर जाड असतो आणि त्याखाली जुन्या पात्राची वाळू अथवा मिश्र पोताचे थर सापडतात. पीडमाँट पठारावरील खडकांचे दीर्घकाळ रासायनिक विदारण झालेले असल्याने या गाळात केओलिनाइट या न फुगणाऱ्या खनिजाचे प्रमाण लक्षणीय असते. त्याच्या जोडीला इतर चिकण खनिजेही असतात.

वेदिका पूरमैदानापेक्षा उंच असल्यामुळे तिच्यावर नवा गाळ क्वचितच येतो. परिणामी मृदा घडण्याच्या प्रक्रियांना पुरेसा अवधी मिळतो. त्याच नद्यांच्या सखल पूरमैदानावर 'चॅस्टेन' ही चिकण मृदामालिका आढळते. तिचा पोत वेदिकेवरील मृदेशी जुळणारा असला, तरी ती इन्सेप्टिसॉल्स, म्हणजे अल्पविकसित मृदांच्या गणात मोडते. दोहोंतील हा भेद मुख्यतः काळाने निर्माण केलेला आहे.

मृदाछेदाची वैशिष्ट्ये

वाही मृदेचा उतार साधारणतः ० ते ६ टक्के असतो. वनाच्छादित भूमीत तिचा छेद घेतल्यास सर्वांत वर पालापाचोळ्याचा पातळ थर आणि त्याखाली सेंद्रिय द्रव्याने गडद झालेला वाळूमिश्रित पोयट्याचा थर दिसतो. त्याखालील थरांत चिकणमातीचे प्रमाण एकदम वाढते. वरच्या थरांतील सूक्ष्म कण झिरपत्या पाण्याबरोबर खाली जाऊन मातीच्या ढेकळांच्या पृष्ठांवर आणि सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींवर पातळ लेपाच्या रूपात साचतात. अशा थरास अर्जिलिक थर म्हणतात. वरच्या थरात १५ ते ४० टक्के चिकणमाती असेल, तर अर्जिलिक थरात तिचे प्रमाण किमान १.२ पट असावे लागते.

या थराचा रंग विशेष अर्थपूर्ण असतो. त्याचा वरचा भाग पिवळसर तपकिरी असून त्यावर करडे व तांबूस डाग दिसतात. खाली जावे तसतसा संपूर्ण थर करडा होत जातो. मृदा पाण्याने संपृक्त झाली, की छिद्रांतील प्राणवायू संपतो. सूक्ष्मजीव श्वसनासाठी लोहाच्या संयुगांचा उपयोग करतात, लोहाचे क्षपण होते व ते पाण्यात विरघळून अन्यत्र जाते. जेथून लोह निघून गेले, तेथे करडा रंग उरतो. जेथे प्राणवायूच्या संपर्कात ते पुन्हा साचले, तेथे तांबूस डाग पडतात. अशा रीतीने पाणी ओसरल्यानंतरही त्याच्या मुक्कामाची नोंद मृदेत शिल्लक राहते. कोरड्या ऋतूत छेद पाहणाऱ्या अभ्यासकालाही ओल्या ऋतूतील भूजलाच्या पातळीचा अंदाज या डागांवरून बांधता येतो.

वाही मृदेचा निचरा काहीसा असमाधानकारक मानला जातो. हिवाळ्यात बाष्पोच्छ्वास मंदावल्यावर भूजलाची पातळी पृष्ठापासून अर्ध्या मीटरच्या आत येते. चिकण थरातून पाणी संथ गतीने सरकते. मृदेची अभिक्रिया ठळकपणे आम्ल असते; कॅल्शियम व मॅग्नेशियम दीर्घकाळ धुपून गेल्यामुळे त्यांची जागा हायड्रोजन व ॲल्युमिनियम यांनी घेतलेली असते.

वर्गीकरण : नावाची फोड

अमेरिकेच्या कृषी विभागाची 'सॉइल टॅक्सॉनॉमी' ही वर्गीकरण पद्धती गाय स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली. तिचा सातवा मसुदा १९६० मध्ये, पहिली आवृत्ती १९७५ मध्ये आणि दुसरी आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. गण, उपगण, महागट, उपगट, कुल आणि मालिका अशा सहा पातळ्यांवर ती मृदांची मांडणी करते. या पद्धतीत वाही मालिकेचे कुलनाम 'फाइन, मिक्स्ड, सेमीॲक्टिव्ह, थर्मिक एरिक एंडोॲक्वल्ट्स' असे आहे. हे नाव प्रथमदर्शनी दुर्बोध वाटते. परंतु त्याची फोड शेवटापासून केल्यास प्रत्येक अवयव एका निरीक्षणाचा निर्देश करतो.

'अल्ट्' हा अंत्य अवयव अल्टिसॉल्स या गणाचा द्योतक आहे. अर्जिलिक थर असणे आणि खोलवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम व सोडियम या धनायनांनी व्यापलेला वाटा ३५ टक्क्यांपेक्षा कमी असणे, ही या गणाची प्रमुख लक्षणे होत. 'ॲक्व' हा अवयव उपगण दर्शवितो : मृदा पृष्ठापासून ५० सें.मी.च्या आत वर्षातील काही काळ संपृक्त असते आणि तेथे क्षपणाची चिन्हे आढळतात.

'एंडो' हा अवयव महागटाचा आहे. येथील संपृक्तता खालून, भूजलामुळे आलेली आहे. एखाद्या कठीण थरावर तात्पुरते अडकलेले पाणी तिचे कारण नाही. चिकणमातीचे प्रमाण खोलवर कमी न होणाऱ्या अतिप्राचीन मृदा 'पॅलीॲक्वल्ट्स' या निराळ्या महागटात जातात. वाही मृदेत खाली वालुकामय थर लागतात व चिकणमातीचे प्रमाण घटते, म्हणून ती त्या महागटाबाहेर राहते. गाळाच्या थरांची मूळ रचना अशा प्रकारे वर्गीकरणातही उमटते. 'एरिक' हे उपगटाचे विशेषण सांगते, की वरच्या भागातील निदान एखाद्या थराचा रंग अद्याप पिवळसर तपकिरी आहे, म्हणजे तेथे वर्षाचा काही काळ हवा खेळते.

कुलाच्या पातळीवरील विशेषणे अधिक व्यावहारिक आहेत. 'फाइन' म्हणजे निर्धारित खोलीत ३५ ते ६० टक्के चिकणमाती. 'मिक्स्ड' म्हणजे कोणत्याही एका खनिजाचे निर्णायक प्राबल्य नसणे. 'सेमीॲक्टिव्ह' म्हणजे धनायन विनिमय क्षमता व चिकणमातीची टक्केवारी यांचे गुणोत्तर ०.२४ ते ०.४० या दरम्यान असणे, आणि 'थर्मिक' म्हणजे मृदेचे वार्षिक सरासरी तापमान १५ ते २२ अंश सेल्सिअस असणे. चिकणमातीच्या प्रमाणाचा उल्लेख एवढ्या लांबलचक नावात केवळ एका विशेषणापुरता येतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

एकाच वेदिकेवरील तीन मालिका

एकाच वेदिकेवर, जवळजवळ समान गाळापासून, तीन निरनिराळ्या मालिका शेजारी शेजारी आढळतात. किंचित उंच व उताराच्या भागावरील 'डोग' मालिकेचा निचरा मध्यम प्रतीचा असून तिचा समावेश 'ॲक्विक हॅप्लुडल्ट्स' या उपगटात होतो. तिच्याहून काहीशा सखल भागावर 'वाही' असते. सर्वांत सखल, पाणी साचणाऱ्या भागावरील 'रोअनोक' मालिका 'टिपिक एंडोॲक्वल्ट्स' या उपगटात येते. तिन्ही मालिकांच्या कुलनामांतील 'फाइन, मिक्स्ड, सेमीॲक्टिव्ह, थर्मिक' ही चारही विशेषणे समान आहेत. पोत, खनिजे, चिकणमातीची सक्रियता आणि तापमान यांत भेद नसतानाही उपगटाच्या पातळीवर त्या वेगळ्या होतात, आणि डोग तर उपगणाच्या पातळीवरच वेगळी होते. हा भेद मुख्यतः पाण्याचा आहे.

वनाशी संबंध

हाच भेद वनाच्या रचनेत आणि व्यवस्थापनात प्रतिबिंबित होतो. या वेदिकांवर लॉबलॉली पाइन हा प्रमुख व्यापारी वृक्ष असून त्याच्या जोडीला स्वीटगम, वॉटर ओक व विलो ओक हे रुंदपर्णी वृक्ष वाढतात. वाही मृदा वृक्षवाढीस प्रतिकूल नाही; उन्हाळ्यात जवळ असलेले भूजल तिला उपकारकच ठरते. अडचण येते ती हंगामाची. ओल्या काळात जड यंत्रे फिरवल्यास चिकण मृदा दाबली जाते, तिची छिद्रे बुजतात, खोल चाकोऱ्या पडतात आणि पुढील पिढीच्या रोपांची मुळे गुदमरतात. म्हणून तोडणी कोरड्या काळात करणे, रोपे वरंब्यांवर लावणे आणि आवश्यक तेथे फॉस्फरस खत देणे असे उपाय योजले जातात. डोग मृदेवर पुरेशी ठरणारी काळजी रोअनोक मृदेवर अपुरी पडते. या दोन मृदांमधील अंतर काही वेळा हाकेच्या टप्प्याएवढेच असते, आणि 'चिकण जमीन' एवढ्याच नोंदीवर ते मुळीच दिसत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन ब्युरो या नागपूरस्थित संस्थेच्या कार्यात हीच वर्गीकरण पद्धती वापरली जाते. विदर्भातील पूर्णा खोऱ्यातही नदीकाठी खोल चिकण मृदा आहेत. परंतु त्यांचा मूळ स्रोत बेसाल्ट असल्याने त्यांत स्मेक्टाइट या फुगणाऱ्या खनिजाचे प्राबल्य आहे. उन्हाळ्यात त्यांना रुंद भेगा पडतात, पावसाळ्यात त्या मिटतात आणि या हालचालीमुळे खालच्या थरात गुळगुळीत, घासलेले पृष्ठभाग तयार होतात. या लक्षणांमुळे त्या व्हर्टिसॉल्स गणात मोडतात. त्या बहुधा अल्कधर्मी व चुनखडीयुक्त असतात. वाही आणि या मृदा यांत चिकणमातीचे प्रमाण सारखे भरले, तरी त्यांचे वर्तन मूलतः भिन्न राहते.

येथे रंगाचा निकष वापरताना विशेष सावधगिरी आवश्यक ठरते. वाही मृदेत फिकट करडा रंग संपृक्ततेचा पुरावा असतो. काळ्या मृदेचा रंग मात्र मूळचाच गडद व निस्तेज असतो. तो पाणी साचल्याचा पुरावा नव्हे. उलट, पाणी साचल्याच्या खुणा त्या गडदपणात झाकल्या जाण्याचा संभव असतो. याचा व्यावहारिक परिणाम वृक्षलागवडीवर होतो. सागास उत्तम निचऱ्याची मृदा लागते, तर बाभूळ जड, चिकण मृदा बऱ्याच अंशी सहन करते. 'नदीकाठची खोल, सुपीक जमीन' एवढ्या वर्णनावर सागाची निवड केल्यास, रोपे खड्ड्यात साचलेल्या पाण्यात मरण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, 'चिकण' हे पोताचे वर्णन आहे. तो मृदेचा वर्ग नव्हे. दुसरी, नदीवेदिकेवरील मृदेचे स्थान ठरविण्यात वेदिकेचे वय, चिकण खनिजाचा प्रकार आणि संपृक्ततेचा कालावधी हे घटक पोताइतकेच, किंबहुना अधिक निर्णायक असतात. तिसरी, वर्गीकरणातील नाव हे पाठांतराचे ओझे नसून क्षेत्रीय निरीक्षणांचा संक्षेप आहे.

या दृष्टीने महाविद्यालयीन क्षेत्रभेटींत विद्यार्थ्यांनी केवळ मातीचा नमुना पिशवीत भरून आणणे पुरेसे नाही. नदीकाठच्या एखाद्या उघड्या कडेवर मीटर-दीड मीटर खोलीचा छेद साफ करून थरांची जाडी मोजणे, ओल्या मातीची वळी करून पोत अजमावणे, डागांचा रंग व खोली नोंदविणे, भेगांची रुंदी पाहणे आणि वर वाढणाऱ्या वृक्षांची यादी करणे, एवढी कामे अल्प साधनांत साध्य होतात. वेदिकेचा उंच, मधला आणि सखल अशा तीन ठिकाणी असे छेद घेतल्यास समान पोताच्या मृदांमधील पाण्याचा भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल. लागवडीसाठी वृक्षाची निवड त्या नोंदींनंतर करणे अधिक सयुक्तिक ठरेल.